जुन्या संगणकाची मेमरी वाढवावी काय ?

जुनें यंत्र मंदावलें म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हें मोडींत घाला आणि नवें आणा." दुसरा म्हणतो, "एवढी घाई कशाला? थोडा खर्च केला तर अजून चार वर्षें सहज चालेल." शिवणयंत्राविषयीं हा वाद होतो, मिक्सरविषयीं होतो, आणि संगणकाविषयीं तर तो हल्लीं घरोघर ऐकूं येतो. संगणकाच्या बाबतींत दुसऱ्या पक्षाचें औषधहि ठरलेलें असतें. डोकें दुखलें कीं बाम चोळावा, त्याप्रमाणें संगणक रेंगाळला कीं रॅम वाढवावी, असें जाणते-अजाणते सारेच सांगतात. हें औषध खोटें आहे असें मुळींच नाहीं. योग्य रोगावर तें तत्काळ गुण देतें. परंतु तोच रोग झाला आहे कीं दुसरा, हें पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. पुण्याच्या एका घरांत ती घेतली गेली. त्या घराची हकीकत साधीच आहे. पण या प्रश्नाचीं बहुतेक अंगें तींत आलीं आहेत.

घर तिघांचें. गृहस्थ खासगी नोकरींतून निवृत्त झालेले, कन्या स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी, आणि गृहिणी घरबसल्या अक्षरजुळणी करणाऱ्या. एका छापखान्याकडून हस्तलिखितें येतात. बाई तीं संगणकावर जुळवितात, पानें लावतात, मुद्रितें तपासून परत धाडतात. या मिळकतींतून मुलीच्या वर्गाची फी भागते. संगणक २०१४ सालीं निरनिराळे भाग जुळवून करवून घेतलेला: इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जी. बी. मेमरी आणि फिरत्या तबकडीची ५०० जी. बी. हार्ड डिस्क. त्या काळीं एवढें यंत्र घराला पुरून उरे.

२०२५ च्या दिवाळीनंतर एके रात्रीं, दोनशें पानांच्या एका चरित्रग्रंथाचें शेवटचें प्रकरण बाई लावीत असतां, पडद्यावरील बाण जागच्या जागीं थिजला. पेटीवरचा लहानसा दिवा अखंड लुकलुकत होता, परंतु कोणतीहि कळ दाबली तरी उत्तर येईना. बाईंनीं पाऊण तास वाट पाहिली आणि अखेर बटण दाबून यंत्र बंद केलें. तीन तासांचें काम गेलें. मधून मधून काम जतन करावें हें बाईंना ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण जतन करण्याची आज्ञा दिली कीं यंत्र दोन-दोन मिनिटें गप्प बसे, आणि म्हणून ती आज्ञा देण्याचाच त्यांना कंटाळा येऊं लागला होता. पुस्तक दोन दिवस उशिरा गेलें, आणि पुढचें पुस्तक छापखान्यानें दुसऱ्याकडे दिलें.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, सरळ सोळा जी. बी. टाका, म्हणजे पुन्हां बघायला नको." तपकीर गल्लींतील एका दुकानदारानें उलट सांगितलें, "काकू, अकरा वर्षांचें यंत्र आहे. याच्यावर पैसे घालूं नका. नवें घ्या, हप्ते बांधून देतों." बाईंच्या डब्यांत या कामासाठीं बाजूला काढलेले दोन हजार रुपये होते. त्यांत नवें यंत्र बसत नव्हतें, आणि चुकीच्या वस्तूवर ते गेले असते तर पुन्हां तेवढे सांठण्यास कांहीं महिने लागले असते. शेवटीं त्यांनीं भाच्याला बोलावलें. तो एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत संगणकांची देखभाल करतो.

त्यानें पेटी उघडलीसुद्धां नाहीं. म्हणाला, "मामी, आधीं एक वही घ्या."

"वही? ती कशाला रे?"

"आठ दिवस याची नाडी लिहून ठेवायची. औषधाचें मग बोलूं."

या वहीचें महत्त्व कळण्यास संगणकाची मेमरी आणि त्याची डिस्क यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कारण दोहोंचें माप जी. बी. मध्येंच सांगतात आणि पुष्कळांचा घोटाळा तेथेंच होतो. "माझ्या यंत्रांत ५०० जी. बी. आहेत, मग मेमरी कमी कशी?" असें विचारणारे सुशिक्षित लोक कांहीं थोडे नाहींत. पुण्यांतील पेशवे दप्तर ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हा भेद एका क्षणांत कळेल. तेथें कागद रुमालांत बांधून मांडणीवर ठेवलेले असतात. अभ्यासक मेजाशीं बसतो. त्याला हवा तो रुमाल मांडणीवरून काढून मेजावर आणावा लागतो, सोडावा लागतो, आणि मग वाचन होतें. डिस्क म्हणजे ती मांडणी. मेमरी म्हणजे तें मेज. संगणकाचा प्रोसेसर मांडणीवरचें कांहीं वाचीत नाहीं. जें वाचावयाचें तें आधीं मेजावर यावें लागतें. मेज मोठें असेल तर दहा रुमाल उघडे ठेवून काम चालतें. मेज लहान असेल तर अकरावा रुमाल आणण्यासाठीं एक बांधून परत ठेवावा लागतो, आणि घटकाभरानें तोच पुन्हां हवा असला तर पुन्हां सगळी यातायात. मांडणी केवढीहि मोठी असली तरी मेजाची रुंदी वाढत नाहीं.

ही यातायात किती महाग पडते याचें गणित मोठें मौजेचें आहे. मेमरींतील एखादी नोंद मिळण्यास सुमारें एक सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्यें सुई योग्य जागीं जाऊन तबकडीचा तो भाग तिच्याखालीं येण्यास सुमारें एक शतांश सेकंद लागतो. दोन्ही काळ माणसाला सारखेच क्षणिक वाटतात, परंतु त्यांत एक लक्ष पटींचें अंतर आहे. मेमरीचा तो काळ एक सेकंद धरला तर तबकडीचा काळ एक दिवस व पावणेचार तास होतो. हल्लीं ज्या न फिरणाऱ्या डिस्का निघाल्या आहेत, ज्यांना एस्. एस्. डी. म्हणतात, त्यांचा काळ याच हिशेबानें सतरा मिनिटांच्या आंत येतो. म्हणजे मेमरी अपुरी पडून संगणक तबकडीकडे धांवूं लागला कीं ज्या कामाला सेकंद पुरे त्याला दिवस लागतो. त्या रात्रीं बाईंचा बाण थिजला तो याचमुळें. यंत्र बंद पडलें नव्हतें. तें सारखें रुमाल बांधीत आणि सोडीत होतें.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं काम करूं लागला. त्याची मेमरी तारांत ओंवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची होती, आणि तींत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापानें हे १० किलोबाइट झाले. अकरा वर्षांच्या ज्या यंत्राला या घरांत सारे म्हातारें म्हणत होते, त्याची मेमरी टिफ्रॅकच्या चार लक्ष पटींहून अधिक होती. टिफ्रॅकवर देशांतील शास्त्रज्ञ आपलीं गणितें करून घेत. अर्थात् यावरून ४ जी. बी. आज पुरावी असें कोणी म्हणणार नाहीं. संसार वाढला कीं घर अपुरें पडतें, तसाच हा प्रकार आहे. फेराइटच्या कड्यांचा एक गुण मात्र आजच्या मेमरीला नाहीं. वीज गेली तरी त्या आपली नोंद विसरत नसत. आयबीएम्‌मधील रॉबर्ट डेनर्ड यांना १९६८ सालीं ज्या मेमरीचें पेटंट मिळालें, तिचाच वंश आज सर्व संगणकांत नांदत आहे. तींत प्रत्येक नोंद म्हणजे विजेचें एक इवलेंसें भांडें असतें, आणि तें गळकें असतें. म्हणून सेकंदांतून कित्येक वेळां सगळीं भांडीं पुन्हां भरून घ्यावीं लागतात. वीज गेली कीं सारीं रिकामीं. बाईंचे तीन तास या गळक्या भांड्यांतून गेले.

आतां वहीकडे वळावें. भाच्यानें शिकविलेली रीत अशी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत मेमरी किती वापरांत आहे, डिस्क किती गुंतली आहे आणि 'कमिटेड' या नांवाखालीं चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांनीं मिळून किती मेमरीची मागणी नोंदविली आहे, हे तीन आंकडे दिसतात. ते सकाळीं यंत्र सुरू करतांना, दुपारीं कामाच्या भरांत आणि रात्रीं सर्वांत अधिक ओझें असतांना लिहावयाचे. त्यासमोर त्या वेळीं काय काय उघडें होतें तेंहि लिहावयाचें.

"मोकळी मेमरी थोडी दिसली म्हणून घाबरूं नका, मामी," असें त्यानें बजावलें. ही सूचना मोलाची आहे. रिकाम्या पडलेल्या मेमरीचा उपयोग करून विंडोज पूर्वीं वाचलेल्या गोष्टी हाताशीं ठेवते, आणि गरज पडतांच ती जागा सोडून देते. तेव्हां मेमरी भरलेली दिसणें हा रोग नव्हे. मेमरी जवळजवळ पूर्ण वापरांत, मागणीचा आंकडा असलेल्या मेमरीच्या बराच वर, आणि त्याच वेळीं डिस्क शंभर टक्के गुंतलेली, हीं तिन्ही लक्षणें एकदम दिसलीं म्हणजे मेज अपुरें पडत आहे असें समजावें. नुसती डिस्क शंभर टक्के आणि मेमरी मात्र अर्धी मोकळी, असें दिसलें तर रोग निराळा. तेथें रॅम घालणें म्हणजे पाय मोडलेल्याला चष्मा देणें होय.

आठ दिवसांनीं वहींत दोन्ही रोग सांपडले. सकाळीं बटण दाबल्यापासून काम सुरू होण्यास नऊ मिनिटें लागत. त्या वेळीं मेमरी निम्मीच वापरांत असे, पण डिस्क शंभर टक्के. हा तबकडीचा मंदपणा. रात्रीं मात्र चित्र पालटे. पानें लावण्याचा कार्यक्रम, हस्तलिखिताचीं छायाचित्रें असलेली जाडजूड फाइल, छापखान्याच्या निरोपांसाठीं उघडलेला ब्राउजर आणि त्यांत मुलीच्या व्याख्यानाचीं दहा-बारा पानें, एवढें सगळें एकदम उघडें असे. मेमरी काठोकाठ भरे, आणि मागणीचा आंकडा ६.४ जी. बी. पर्यंत चढे.

"एवढें सगळें उघडें कां ठेवतां?" भाच्यानें विचारलें.

मुलगी म्हणाली, "दादा, बंद केलें तर पुन्हां उघडायला किती वेळ लागतो ठाऊक आहे ना? आईचें मी बंद करीत नाहीं, माझें ती बंद करीत नाहीं."

या उत्तरांत सारें मर्म होतें. डिस्क मंद म्हणून कोणी कांहीं मिटवीत नसे; कोणी मिटवीत नसे म्हणून मेमरी भरे; आणि मेमरी भरली कीं सगळा भार पुन्हां त्याच मंद डिस्कवर पडे. पहिला उपाय त्यामुळें बिनपैशाचा निघाला. यंत्र सुरू होतांच न बोलावतां उठून बसणारे सात कार्यक्रम होते. छपाईयंत्राचा मदतनीस, कधीं काळीं बसविलेला एक गाण्यांचा कार्यक्रम, असेच. ते आपोआप सुरू होणें बंद केलें. मुलीनें आपलीं पानें वहींत टिपून मिटविण्याचें कबूल केलें. मागणी ६.४ वरून साडेपांचावर आली. सकाळचीं नऊ मिनिटें सहांवर आलीं. पुष्कळ घरांत एवढ्यानेंच भागेल. या घरांत भागलें नाहीं, कारण जुळणीचें काम एकटेंच चार जी. बी. च्या कांठापर्यंत जात होतें.

मेमरी घालावयाची असें वाटूं लागलें तरी ती घालतां येईल काय, हा प्रश्न निराळाच. येथें पुष्कळांचे पैसे बुडतात. विंडोज ३२ बिटांची असेल तर ती २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मोजूं शकते. हे बरोबर ४ जी. बी. होतात, आणि त्यांतलेहि कांहीं पत्ते इतर भागांसाठीं राखलेले असतात. अशा यंत्रांत आठ घाला कीं सोळा घाला, चाराच्या वरची मेमरी घरांत असून नसल्यासारखीच. त्या काळच्या पुष्कळ जुळवलेल्या यंत्रांत ३२ बिटांचीच विंडोज घातलेली असे. सुदैवानें येथें ती ६४ बिटांची निघाली. संगणकाच्या माहितीच्या पानावर हें लिहिलेलें असतें. तें पाहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढूं नये.

दुसरी गोष्ट जातीची. मेमरीच्या पिढ्या एकमेकींत मिसळत नाहींत. हें यंत्र डीडीआर ३ जातीचें. त्याच्या पट्टीला २४० पिना असतात. पुढची डीडीआर ४ ची पट्टी २८८ पिनांची, आणि तिची खांच मुद्दाम निराळ्या जागीं ठेवलेली असते, म्हणजे चुकूनहि ती बसूं नये. लॅपटॉपच्या पट्ट्या आंखूड असतात त्या वेगळ्याच. कांहीं पातळ लॅपटॉपांत तर मेमरी मदरबोर्डाला डाख देऊन कायमची चिकटविलेली असते. त्यांच्या मालकांनीं हा विचार सोडून द्यावा हें बरें. या घरच्या यंत्रांत दोन स्लॉट होते, एकांत ४ जी. बी. ची पट्टी आणि दुसरा रिकामा. रिकाम्यांत तशीच दुसरी पट्टी घातली कीं ८ जी. बी. होणार, शिवाय सारख्या दोन पट्ट्या जोडीनें काम करूं लागल्यामुळें वाहतुकीचा रस्ता दुहेरी होणार. सोळाचा आग्रह धरला असता तर जुनी पट्टी काढून आठ-आठच्या दोन नव्या आणाव्या लागल्या असत्या, आणि वहींतील कमाल मागणी तर साडेसहाच्या आंतच होती. न वापरलेली मेमरी कांहीं व्याज देत नाहीं.

किंमतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मेमरी वर्षागणिक स्वस्त होत जाते असा लोकांचा जुना अनुभव. २०२५ च्या उत्तरार्धांत त्याला धक्का बसला. जगांतील बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांसाठीं लागणाऱ्या निराळ्या, महाग मेमरीकडे त्यांनीं आपली शक्ति वळविली, आणि घरगुती गिऱ्हाइकाचा माल आटून भाव भडकले. मायक्रॉननें तर डिसेंबर २०२५ मध्यें घरगुती गिऱ्हाइकांसाठीं असलेला आपला 'क्रुशल' हा व्यवसाय गुंडाळणार असल्याचें जाहीर केलें. झळ मुख्यतः नव्या जातींना लागली, पण जुन्यांनाहि थोडीफार लागलीच. अशा वेळीं वापरलेली पट्टी घेण्यास संकोच करूं नये. मेमरीची पट्टी वापरानें झिजत नाहीं. तींत फिरणारा, घांसणारा भाग नसतो. जुनी तबकडी घेणें मात्र धोक्याचें, कारण तिच्या पोटांत किती फेरे झाले आहेत याची घेणाऱ्याला कल्पना नसते.

याहून कठीण प्रश्न यंत्राच्या आयुष्याचा होता. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असें त्या वेळीं मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें होतें. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीला ती अधिकृतपणें घेत नाहीं. लिनक्सची एखादी आवृत्ति घालावी तर ती अशा यंत्रावर सुखानें चालते, आणि ज्या घरांत वाचन, पत्रें आणि चित्रपट एवढेंच काम आहे तेथें तोच उत्तम मार्ग होय. पण बाईंचा पानें लावण्याचा जुना कार्यक्रम विंडोजवरचा. तो सोडला तर छापखान्याशीं जमणारें काम सुटलें. तेव्हां दुकानदाराचें बोलणें अगदींच स्वार्थाचें नव्हतें. या यंत्राला दीड-दोन वर्षांहून अधिक आयुष्य धरणें शहाणपणाचें नव्हतें, आणि बँकेचे व्यवहार त्यावर करावयाचे नाहींत असें त्याच दिवशीं ठरलें.

आतां मतभेद झाला तो मामी आणि भाचा यांच्यांतच. भाच्याचें म्हणणें, दोन हजारांत एकच गोष्ट घ्यावयाची तर एस्. एस्. डी. घ्यावी. सकाळचीं सहा मिनिटें एका मिनिटाच्या आंत येतील. मेमरी भरली तरी धांव मंद तबकडीकडे न होतां वेगवान् डिस्ककडे होईल, म्हणजे यंत्र इतकें थिजणार नाहीं. आणि उद्यां हें यंत्र गेलें तरी एस्. एस्. डी. नव्या यंत्रांत लावतां येईल. डीडीआर ३ ची पट्टी मात्र याच पेटीबरोबर संपणार. बिनतोड वाटावा असाच हा हिशेब आहे, आणि बहुतेक जुन्या यंत्रांना हाच सल्ला लागू पडेल.

मामी म्हणाल्या, "तुझें सगळें खरें. पण माझें काम सकाळीं बुडालें नाहीं, रात्रीं बुडालें. त्या रात्रींचें काय होईल तें मला दाखव."

तें दाखविण्याचा एक जुना मार्ग बाजारांत अजून आहे. भाच्यानें ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून ४ जी. बी. ची एक वापरलेली पट्टी चार दिवसांसाठीं जांगड आणली. यंत्राची वीज काढली, उरलीसुरली वीज जाण्यासाठीं बटण एकदां दाबलें, अंगांतील स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या पत्र्याला हात लावला, आणि खांच जुळवून पट्टी दोन्ही टोकांस सारखी दाबली. दोन्हीकडच्या चिमट्यांचा टक् असा आवाज आला. पहिल्यांदां यंत्र सुरू होईना. नुसता पीं पीं असा आवाज. गृहस्थ घाबरले. भाच्यानें पट्टी काढून तिच्या सोनेरी पिना स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसल्या आणि पुन्हां नीट दाबली, तेव्हां पडदा उजळला. अर्धवट बसलेली पट्टी हें या आवाजाचें फार नेहमींचें कारण आहे. त्या रात्रीं मेमरी तपासणारा मेमटेस्ट हा कार्यक्रम सकाळपर्यंत चालू ठेवला. एकहि चूक निघाली नाहीं. हें न करतां वापरलेली पट्टी कामाला लावूं नये; सदोष मेमरी नेहमींच काम बंद पाडते असें नाहीं, कधीं कधीं ती गुपचुप अक्षरें बिघडवते.

पुढचे तीन दिवस वही चालू होती. रात्रीं जुळणीचें काम, छायाचित्रांची फाइल आणि मुलीचीं व्याख्यानें एकदम उघडीं असतां मेमरी ८ पैकीं साडेपांच-सहा जी. बी. वर राही आणि डिस्क बहुतेक वेळ निवांत असे. जतन करण्याच्या आज्ञेला दोन सेकंद लागले. बाईंनीं ती त्या रात्रीं किती वेळां दिली याची मुलीनें चेष्टा केली. सकाळ मात्र होती तशीच राहिली, सहा मिनिटें, एखादें सेकंदहि कमी नाहीं. औषध एका रोगावर पूर्ण लागू पडलें होतें आणि दुसऱ्याला त्यानें स्पर्शहि केला नव्हता.

बाईंनीं पट्टी ठेवून घेतली. भाच्यानें आपला हिशेब पुन्हां एकदां मांडून पाहिला, एस्. एस्. डी. पुढच्या यंत्रालाहि उपयोगी पडेल ही गोष्ट त्यानें मामांनाहि सांगितली, मामा हंसून म्हणाले, "अरे, छापखान्याचें पुस्तक ज्या रात्रीं पुरें व्हायचें ती रात्र तिची आहे." धंद्याच्या दृष्टीनें बाईंचाच निर्णय बरोबर होता असें म्हणावें लागतें. यंत्राला काय अधिक शोभेल यापेक्षां कोणती खोळंबलेली घटका पैसे आणि अब्रू घेऊन जाते, हें त्यांनीं पाहिलें. ज्या घरांत रात्रींचें काम नाहीं, पण सकाळीं कचेरी गांठण्याच्या घाईंत दहा मिनिटांसाठीं यंत्र उघडावें लागतें, तेथें हाच हिशेब उलट लागेल.

पट्टीचे पैसे चुकते करून डब्यांत जे उरले त्यांच्यासमोर वहीच्या शेवटच्या पानावर 'एस्. एस्. डी., पाडवा' असें लिहून ठेवलें आहे. जानेवारींत छापखान्यानें एक पुस्तक पुन्हां बाईंकडे दिलें, व्याकरणाचें, कोष्टकांनीं भरलेलें. सकाळीं सात वाजतां त्या यंत्राचें बटण दाबतात आणि चहाचें आधण ठेवण्यासाठीं स्वयंपाकघरांत जातात. चहा गाळून होतो तोंवर पडदा तयार असतो.